मधला स्लाइस

तीस वर्षं मी नाटकांची परीक्षणं लिहिली. एका साप्ताहिकात, दर आठवड्याला दीड कॉलम. एवढ्या वर्षांत जे काही लिहिलं त्यातलं लोकांच्या लक्षात एकच वाक्य राहिलं आहे : ‘दुसरा अंक रेंगाळतो.’ सुरुवातीच्या काळात आमच्या छापखान्यातला कंपोझिटर या वाक्याचे खिळे मोडायचाच नाही. जुळवलेली ओळ तशीच बाजूला ठेवायचा आणि मी मजकूर घेऊन गेलो की विचारायचा, ‘‘साहेब, या आठवड्याला आहे ना?’’ बहुधा असायचंच.

हे सगळं सांगायचं कारण असं, की गेल्या नोव्हेंबरात माझ्यावर एका सँडविचचं परीक्षण करायची वेळ आली.

आम्ही दोघं तेव्हा न्यू जर्सीला लेकीकडे होतो. अमेरिकेत नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग नावाचा सण असतो. पूर्वी तो महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी असे, पुढे १९४१ साली कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. आपल्याकडे संकष्टीसुद्धा पंचांगावर सोपवलेली असते, तिथे सणाचा वार ठरवायला पार्लमेंट बसतं. असो. या दिवशी टर्की भाजायची असते. जावईबापूंनी चौदा पौंडांची टर्की आणली होती. म्हणजे सहा किलोंच्या वर. खाणारे कोण? आमची ही अंड्याच्या पलीकडे गेलेली नाही. नातू फक्त बटाटा खातो. लेक ‘डाएट’वर. उरलो मी आणि जावई. सोमवारपासून ती टर्की फ्रिजमध्ये वितळत पडली होती आणि दुधाची पिशवी काढायला दार उघडलं की लग्नघरातल्या लांबच्या मामासारखी आपली तिथेच बसलेली दिसायची.

गुरुवारी तिचा समारंभ यथासांग झाला. शुक्रवारी सकाळी फ्रिज उघडून पाहतो तर मामा निम्म्याहून जास्त शिल्लक. जावईबापू म्हणाले, ‘‘बाबा, आज दुपारी क्लब सँडविच. घरी. अगदी क्लासिक!’’

लेकीनं मला बाजूला घेतलं. ‘‘बाबा, प्लीज, काही बोलू नका हं. तो कालपासून याचीच तयारी करतोय.’’

‘‘मी कशाला काय बोलू?’’

‘‘तुम्ही बोलता. तो तुम्हांला घाबरतो. पहिल्या भेटीपासून.’’

त्या पहिल्या भेटीबद्दल सांगायला हवं. बारा वर्षांपूर्वी लग्न ठरायच्या आधी हा मुलगा आमच्याकडे आला, तेव्हा मी त्याला कौतुकानं एका नाटकाला नेलं. मध्यंतरात विचारलं, ‘‘कसं वाटतंय?’’ तो म्हणाला, ‘‘छान.’’ आता हा शब्द माझा जुना वैरी. मी विचारलं, ‘‘छान म्हणजे काय?’’ एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण ‘छान’ हा शब्द मत लपवण्यासाठी कसा वापरतात यावर मी तिसरी घंटा होईपर्यंत बोललो. बटाटेवडा त्याच्या हातात तसाच गार झाला. तेव्हापासून बारा वर्षांत या गृहस्थानं माझ्यासमोर कशाबद्दलही मत दिलेलं नाही. नाटक, सिनेमा, निवडणूक, आमटी, सगळ्याला एक नम्र हसू. दुसऱ्याला मत द्यायला शिकवणं हे ज्याचं काम, त्याच्या घरातच हा प्रकार. मला त्याचं वाईट वाटतं, पण सासऱ्यानं हे बोलून दाखवायचं तरी कसं?

तर सँडविच. जावईबापू पेशानं इंजिनियर. त्यांनी कागदावर आकृती काढली होती. तळाला टोस्ट. त्यावर मेयोनीज, लेट्यूसचं पान, टर्कीचे काप. त्यावर दुसरा टोस्ट, पुन्हा मेयोनीज, टोमॅटोच्या चकत्या, बेकनच्या कुरकुरीत पट्ट्या, पुन्हा लेट्यूस. वर तिसरा टोस्ट. मग चार बाजूंना चार काड्या खुपसायच्या, डोक्याला रंगीत झालर असलेल्या. आणि तिरप्या दोन कापांत चार त्रिकोण पाडायचे. ते बशीत टोकं वर करून उभे करायचे आणि मध्ये बटाट्याचे वेफर्स.

नेपथ्य उठावदार होतं, हे मान्य केलंच पाहिजे. पडदा वर जाताच टाळी घेणारं. नातवानं झालरीच्या काड्या ताबडतोब हस्तगत केल्या आणि त्याबरोबर एक इमारत कोसळली.

भूमिकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मुख्य घोटाळा तिथेच आहे. जाहिरातीत नाव टर्कीचं. पण टर्कीच्या छातीचं मांस हे, काय सांगू, उंचापुरा, देखणा आणि आवाज नसलेला नायक असतो तसं आहे. त्याला चरबी जवळजवळ नाही. शिवाय त्या पक्ष्याच्या तंगड्या शिजायला जास्त उष्णता लागते आणि छाती आधीच होऊन बसते. तंगडीसाठी थांबलात की छातीचा भुसा झालाच. वर सरकारचं सांगणं, की आतली उष्णता १६५ अंश फॅरनहाइट झाल्याशिवाय खाऊ नका. त्यामुळे भीतीपोटी सगळेच जास्त भाजतात. असा नायक दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून रंगमंचावर उभा करायचा म्हणजे त्याला प्रॉम्प्टर हवाच. ते काम मेयोनीज करतं. आणि टाळ्या घेऊन जातं बेकन. नाटकात एखादा विनोदी नोकर दोन प्रवेशांत येऊन सबंध प्रयोग खिशात घालतो ना, तसं. खारट, धुरकट, कुरकुरीत. घरी जाताना प्रेक्षक त्याचंच नाव घेतात.

बाकी या टर्कीचं गोत्र मोठं विनोदी आहे. पक्षी मूळचा मेक्सिकोकडचा. इंग्रज त्याला तुर्कस्तानचा समजले, कारण तुर्की व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या दुसऱ्याच एका कोंबडीशी त्यांनी त्याची गल्लत केली. खुद्द तुर्की लोक त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे आपल्या गळ्यात घालतात. फ्रेंचांनीही त्याच्या नावात हिंदुस्थानच घातलाय. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात! कोणालाच हा नातेवाईक आपला म्हणायचा नाही. हिंदुस्थानात तो आला तो गोव्याच्या वाटेनं. १६१२ साली मुकर्रबखानानं गोव्याहून जी चमत्कारिक जनावरं विकत घेऊन जहांगीर बादशहाला नजर केली, त्यांत एक टर्की होती. दरबारात कोणाला तिचं नावही ठाऊक नव्हतं. बादशहानं तिच्या मानेचे रंग कसे घडोघडी बदलतात ते आपल्या रोजनिशीत बारकाईनं लिहून ठेवलं आणि मन्सूर या चित्रकाराकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. टर्कीचा मला माहीत असलेला हा सर्वांत चांगला उपयोग.

‘‘कसं झालंय, बाबा?’’

टेबलावर शांतता पसरली. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. हिनं टेबलाखालून पाय दाबला. मी मनात म्हटलं, म्हण, म्हण ‘छान’, एका शब्दाचं काम आहे. पण तीस वर्षांची सवय.

‘‘टोस्ट उत्तम,’’ मी म्हणालो. ‘‘बेकन उत्तम. टर्की तिच्या मानानं बरी. पण हा मधला स्लाइस कशाला?’’

लेकीनं चमचा खाली ठेवला. जावईबापूंचं ते नम्र हसू आलं. ‘‘असतो बाबा तो. क्लासिक म्हटलं की तीनच.’’

आता माझा मुद्दा नीट ऐका. वरच्या स्लाइसला काम आहे, तो छत आहे. खालच्याला आहे, तो जमीन आहे. मधला काय करतो? त्याला दोन्हीकडून ओल लागते, म्हणून तो मऊ पडतो. मऊ पडू नये म्हणून त्याला कडक भाजावं, तर टाळू खरवडून निघतो. चवीत तो काही भर घालत नाही, उलट प्रत्येक घासात अर्धा पावच येतो. आणि त्याच्यामुळे उंची एवढी होते की माणसानं दाताच्या डॉक्टरसमोर उघडावं तेवढं तोंड उघडायचं. मी दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं तर टोमॅटो मागून सुटला आणि शर्टावर आला. मधला स्लाइस म्हणजे रेंगाळणारा दुसरा अंक. तो असतो, कारण मध्यंतराआधी काहीतरी असावं लागतं.

‘क्लासिक’ या शब्दानं मात्र माझी झोप उडवली. रात्री बसून जेवढं सापडलं तेवढं वाचून काढलं. या सँडविचच्या जन्माबद्दल तिकडे फार मानानं सांगतात, की ते न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्ज गावच्या क्लबात, म्हणजे सरळ बोलायचं तर जुगाराच्या अड्ड्यात, १८९४ साली जन्मलं. पण त्याच्या पाच वर्षं आधी, १८८९ साली, न्यूयॉर्कच्या ‘इव्हिनिंग वर्ल्ड’ या पत्रात ‘युनियन क्लब सँडविच’ची शिफारस आलेली आहे. तेव्हा साराटोगाचा दावा निकालात निघतो. ‘क्लब’ची एक फोडही सांगतात. म्हणे चिकन, लेट्यूस, अंडर, बेकन या शब्दांची आद्याक्षरं. ही आपल्याकडच्या हौशी व्युत्पत्तिकारांच्या तोडीची आहे. क्लबात मिळायचं म्हणून क्लब. पण खरी गंमत पुढेच. त्या १८८९च्या वर्णनात भाजलेल्या पावाचे तुकडे किती? दोन! कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पावाचे दोन, मध्ये टर्की किंवा कोंबडी आणि हॅम, आणि गरम गरम वाढायचं. टोमॅटो नाही, लेट्यूस नाही, झालर नाही.

मला साक्षीदारही भला मिळाला. जेम्स बिअर्ड. अमेरिकन स्वयंपाकातला मोठा अधिकारी माणूस. त्यानं १९७२ सालच्या ‘अमेरिकन कुकरी’ या ग्रंथात या सँडविचची थोरवी गायली आहे आणि तिथेच तिसऱ्या स्लाइसवर असा काही आसूड ओढलाय की मी पलंगावर उठून बसलो. ज्यानं हा तीन मजल्यांचा प्रकार सुरू केला त्याला जन्मभर, दिवसातून तीन वेळा, तेच खायला लावावं अशी शिक्षा तो सुचवतो. याला म्हणतात समीक्षा! मी तीस वर्षांत कोणा नाटककाराला रोज स्वतःचं नाटक बघायची शिक्षा सुनावली नाही. सुचलंच नाही. मात्र तो टर्कीलाही अस्सल मानत नाही, कोंबडीच हवी म्हणतो. तिथे बिअर्डसाहेब चुकतात. ‘इव्हिनिंग वर्ल्ड’मध्ये टर्की आहे. मोठे समीक्षकही आपल्याला आवडत नाही त्याला ‘परंपरेत बसत नाही’ असं म्हणून मोकळे होतात. मीही केलंय ते.

पडल्या पडल्या आणखी एक विचार आला. आपलं नाटक किर्लोस्करांच्या काळात पाच-पाच, सात-सात अंकी होतं. प्रेक्षक रात्रभर बसायचे. पुढे ते तीन अंकांवर आलं, आता दोन अंकांत आटपतं. आणि हे सँडविच उलट दोनाचं तीन झालं! नाटकाला ट्रेन गाठायची असते. सँडविचला काय गाठायचं होतं? माझा तर्क असा, की हॉटेलातल्या बशीत उंच दिसण्यासाठी हे झालं. हॉटेलात खोलीवर मागवलेल्या पदार्थाला पैशांच्या मानानं उंची असावी लागते. पण घरच्या टेबलावर कोणाला दाखवायचीय उंची? नातवाला?

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी मी हे सगळं जावईबापूंना पुराव्यांसकट ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कपबशी विसळायला उठले. तेव्हा आमची ही म्हणाली, ‘‘एवढं कळतं तर करून दाखवा. लोक तीस वर्षं तुम्हांला हेच सांगत होते.’’

म्हणून दुपारी मी ओट्याशी उभा राहिलो.

पहिलं बेकन. तापल्या तव्यावर टाकलं. बाहेरून करपलं, आतून वातड राहिलं आणि छताला बसवलेलं ते धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. लेक धावत येऊन खुर्चीवर चढली आणि टॉवेलानं वारा घालू लागली. दुसऱ्या खेपेला गार तव्यात पट्ट्या मांडून मंद आचेवर ठेवल्या. तेव्हा चरबी सावकाश सुटली आणि पट्ट्या आपोआप कुरकुरीत झाल्या. टोस्ट काढून मी एकावर एक रचले, तर खालचे वाफ धरून लिबलिबीत. ते पत्त्यांच्या घरासारखे एकमेकांना टेकून उभे ठेवायचे असतात हे मला साठी उलटल्यावर कळलं. मेयोनीज मी मधोमध लावलं, टिळा लावल्यासारखं. मग एका दोन-स्लाइसी सँडविचात मी जावईबापूंचा दोन मजल्यांचा सगळा माल भरला आणि वरून तळहातानं दाबलं. लेट्यूसवर टोमॅटो घसरला, टोमॅटोवरून टर्की घसरली. प्रयोग पहिल्या प्रवेशातच कोसळला.

तेव्हा मला मधल्या स्लाइसचं रहस्य उमगलं. तो असतो म्हणून भरपूर भरता येतं, आणि भरपूर भरलेलं असतं म्हणून तो लागतो. नुसता तो काढून भागत नाही, त्याच्या जिवावर आत आलेले सगळे काढावे लागतात. हे लिहायला मला एक ओळ लागली. करायला चार टोस्ट, पाव किलो टर्की आणि ओट्याची दुर्दशा. कितीतरी नाटककारांना मी सहज ‘दुसरा अंक काढून टाकावा’ असं लिहिलंय. त्यांतल्या एक-दोघांनी काढून पाहिलाही असेल बिचाऱ्यांनी.

ही इतका वेळ दारात उभी राहून बघत होती. टर्कीला तिनं हात लावला नाही, पण बाकीची सूत्रं घेतली. ‘‘टोमॅटोला आधी मीठ लावून कागदावर निथळत ठेवा. कोशिंबिरीला सुटतं तसं पाणी सुटणारच. आणि ते पांढरं कडेपर्यंत लावा, कडेपर्यंत! फोर्टातला सँडविचवाला लोणी कसं लावतो बघितलं नाहीत? स्लाइसचा एक कोपरा कोरडा ठेवत नाही तो. लोणी असलं म्हणजे चटणीचं पाणी पावात उतरत नाही.’’ आयुष्यभर मी त्या सँडविचवाल्यासमोर उभा राहून खाल्लं आणि ती त्याचा हात बघत होती.

मग मी टर्कीचे पातळ काप काढले, मांसाच्या धाग्यांना आडवे, म्हणजे चावताना दोर चघळल्यासारखं होत नाही. गुरुवारच्या रसात ते जरा गरम केले. जाड एका लादीपेक्षा पातळ तीन-चार काप सैलसर ठेवले तर तीच टर्की मऊ लागते, हेही तेव्हा कळलं. दोन टोस्ट, कडेपर्यंत मेयोनीज, टर्की, दोन पट्ट्या बेकन, टोमॅटोच्या दोनच चकत्या, लेट्यूसचं एक पान. झालर नाही. मधोमध एक तिरपा काप. एका हातात धरता येत होतं. तोंड बेताचंच उघडावं लागलं. बेकन होतं पण टर्कीच्या अंगावर जात नव्हतं, आणि टोस्टची कडा शेवटच्या घासापर्यंत वाजत होती. शर्ट स्वच्छ. मी मनातल्या मनात लिहून टाकलं : ‘बांधीव प्रयोग.’

जावईबापूंपुढे बशी ठेवली आणि समोर बसलो. काय सांगू, पहिल्या प्रयोगाला विंगेत उभ्या राहणाऱ्या लेखकांची मी फार टिंगल केली होती. त्यांच्या हाताला घाम येतो तो नाटकी नसतो.

त्यांनी पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. अर्ध खाऊन झालं.

‘‘कसं झालंय?’’

‘‘छान.’’

मी काही बोललो नाही. खरंच नाही. पण चेहऱ्यावर काहीतरी आलं असावं, कारण त्यांनी उरलेला त्रिकोण बशीत ठेवला, रुमालाला हात पुसले, लेकीकडे एकदा पाहिलं आणि बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, ‘‘बाबा, टर्की कालच्यापेक्षा चांगली लागतेय. गरम केल्यानं. टोमॅटोचं पाणी नाही, हेही बरोबर आहे. पण तुम्ही ते फार शहाणं करून टाकलंत. क्लब सँडविच जरा अंगावर सांडायला पाहिजे. हे सुरू होतं आणि संपतं. दुसरा अंकच नाही याला.’’

लेकीनं डोळे मिटून घेतले. ही पदरात तोंड घालून हसत होती.

‘‘सविस्तर बोला,’’ मी म्हणालो, आणि उठून टोस्टरमध्ये आणखी एक स्लाइस टाकला.